लिंबाबाचा अंगठा

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. गेरवाडीला तेव्हा रस्ता नव्हता. पाऊलवाट होती, आणि ती खिंडीतून जायची. खिंडीच्या अलीकडे गेरवाडी, पलीकडे उतरलं की बाजारपेठ. मीठ आणायचं तर खिंड, लेक सासरी धाडायची तरी खिंड. देवानं दुसरी वाट ठेवलीच नव्हती.

तिला म्हणत हाकेची खिंड.

एरवी ती साधीच. दोन काळ्या कड्यांमधली चिंचोळी फट. उन्हाळ्यात गुराखी तिथं सावलीला भाकरी सोडून बसत. पण पावसाळा मुरला, दरीतलं धुकं वर चढून त्या फटीत ओतू लागलं, की खिंड माणसांना हाका मारायची. असं म्हणतात, की हाक नावानं यायची आणि ओळखीच्या आवाजात यायची. ज्या माणसासाठी आपला जीव तुटतो, नेमक्या त्याच्याच आवाजात. ऐकणारा 'ओ' देई, वाट सोडी, आणि धुक्यात चालू लागे. मग त्याचा ठाव लागत नसे. दरीत शोधलं तर देह नाही, वहाण नाही, मुंडाशाची चिंधीसुद्धा नाही.

जुनी माणसं सांगत, भूत एकदाच हाक मारतं, तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये. पण खिंडीला तेही कळलं. ती तीन हाका मारू लागली.

अशा त्या गावात एक दिवस एक परका माणूस आला. वरच्या डोंगरावर गोऱ्या साहेबाचा तुरुंग होता. साता समुद्रापलीकडून आणलेले चिनी कैदी तिथं ठेवत. हा त्यातलाच. सजा भरली, बेडी तुटली, पण जायचं कुठं? मायदेशाला जाणारं गलबत कुठून सुटतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. पाय नेतील तिकडं उतरत आला आणि गेरवाडीच्या ओढ्याशी थबकला. ओढ्याच्या दरडीत तांबडी माती उघडी पडली होती. त्यानं ती चिमटीत घेतली, चोळली, जिभेवर ठेवली, आणि तिथंच मटकन खाली बसून रडला.

ओढ्यावर तेव्हा ठकू कुंभारीण माती काढत होती. माती चाखून रडणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिनं घरी जाऊन नवऱ्याला, सटवाला, सांगितलं. सटवा दिलदार गडी. तो त्या माणसाला हाताला धरून घरी घेऊन आला आणि भांडी भाजायच्या आव्याशेजारची पडवी त्याला दिली.

त्याचं नाव होतं लिन पो. गावाच्या जिभेवर त्याचं लिंबा झालं. केस पांढरे होते, म्हणून लिंबाबा.

लिंबाबाही मातीचाच माणूस निघाला. त्याच्या गावात म्हणे घरोघरी तांबड्या मातीच्या झाऱ्या घडवत. मुठीएवढी, तोटी आणि कान असलेली झारी, तिच्यात उकळतं पाणी आणि एका झुडपाची पानं. पण त्याची रीत न्यारी. तो चाकाला हात लावायचा नाही. माती काढून खड्ड्यात ओल्या गोणत्याखाली मुरत ठेवायचा, वर्ष उलटेपर्यंत. मग लाकडी फळीनं थापून तिची पोळी करायचा, ती पोळी वळवून सांधायचा आणि शिंगाच्या तुकड्यानं घासत बसायचा. वर लुकणाची चकाकी नाही, रंग नाही. भाजून निघाली की झारी पिकल्या जांभळासारखी दिसायची, आणि झाकण असं बसायचं की मधून केससुद्धा जाऊ नये. त्या झाकणाला दाभणाएवढं भोक. भोकावर अंगठा ठेवला की तोटीची धार जागच्या जागी थांबायची. अंगठा काढला की पुन्हा वाहायची.

सटवाची आई, बयाआई, डोळ्यांनी अधू झाली होती, पण जीभ धारेची होती. ती म्हणाली, "चाकाबिगर घडलेलं भांडं म्हंजी बिनबापाचं प्वार. घरात नगं ठिवू त्येला."

लिंबाबा हसला. तुरुंगात शिकलेली त्याची मराठी तुटक होती. तो म्हणाला, "आई, ही माती पिते. जे ओतू ते पिते. विसरत नाही."

आणि खरंच तसं होतं. त्यानं एका झारीत रानातली सुवासिक पानं उकळून उकळून वर्ष काढलं. मग एक दिवस बयाआईसमोर तीत नुसतं गरम पाणी ओतलं. धार पडली ती तांबूस आणि सुगंधी. बयाआईनं घोट घेतला आणि आणखी एक मागितला. त्या दिवसापासून ती रोज दुपारी पडवीत जाऊन त्याच्याजवळ बसू लागली.

लिंबाबाला खिंडीची गोष्ट कळली तेव्हा तो धुक्याच्या दिवसात तिथं जाऊन बसू लागला. खिंडीच्या तोंडाशी तीन दगडांची चूल, वर गवताचं छप्पर. वाटसरू आला की तो झारीतून त्याच्या तोंडात गरम घोट ओतायचा आणि सांगायचा, "गिळू नको. पलीकडं जाऊन गीळ." तोंडात घोट असला की माणूस ओ देणार कसा? हाका यायच्या. आईच्या यायच्या, मेलेल्या लेकरांच्या यायच्या. माणसं डोळ्यांतून पाणी काढत, गाल फुगवून, चिडीचूप खिंड ओलांडायची. असं म्हणतात, की लिंबाबा तिथं बसू लागल्यापासून खिंडीनं कुणाला नेलं नाही.

फक्त एका सटवाला नेलं.

भाद्रपद सरत आला होता. घटस्थापनेसाठी सटवानं गाढवावर घट लादले आणि दिवसाउजेडी बाजाराला निघाला. लिंबाबानं त्याच्या तोंडात घोट ओतला. सटवा हसऱ्या डोळ्यांनी मान हलवून धुक्यात शिरला. पुढं काय झालं ते कुणी पाहिलं नाही. पण गाढवाचा पाय घसरला असावा, आणि घट फुटतील म्हणून त्यानं घोट गिळून गाढवाला "हो, हो" केलं असावं. खिंडीला तेवढं पुरलं. थोड्या वेळानं गाढव एकटंच परत आलं. पाठीवरचा एकही घट फुटला नव्हता.

सारा गाव शोधून थकला. आणि दुसऱ्या दिवशी धुकं चढलं तेव्हा ठकू अंगणात शेणी थापत होती, तर डोंगराकडून हाक आली.

"ठके! अगं ठके!"

आवाज सटवाचा. तोच, जेवायच्या वेळचा, जरा ओढलेला. आजवर हाक फक्त खिंडीत ऐकू यायची. ती घराच्या अंगणापर्यंत कधी आली नव्हती. ठकू शेणाच्या हातांनी तशीच उठली आणि चालू लागली. शेजारणींनी कमरेला मिठ्या मारून तिला घरात कोंडलं. बयाआई आतल्या अंधारात बसली होती. तिलाही हाक आली होती. तिला सटवा 'बये' म्हणायचा. तीच हाक.

धुकं होतं तोवर रोज हे चाललं. लिंबाबा त्या दोघींच्या दाराशी येऊन बसायचा. एकदा ठकू दाराआडून म्हणाली, "बाबा, आवाज त्येंचाच हाय. मला काय वळखू येत न्हाई व्हय?"

"आवाज त्याचाच," लिंबाबा म्हणाला. "सटवा नाही."

"तुमास्नी काय ठावं?"

लिंबाबानं डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला पण येते हाक. रोज येते. माझी आई बोलावते."

ठकूला माहीत होतं, आपल्याकडे पोर जगावं म्हणून त्याला धोंड्या, केऱ्या, उकिरड्या म्हणतात. लिंबाबाच्या देशातही तसंच होतं. त्याची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्याला लाडानं नाव ठेवलं होतं आ-नी. आ-नी म्हणजे चिखल. हे नाव या देशात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. आणि तरी खिंडीत बसलं की धुक्यातून त्याच्या आईचा आवाज येई, त्याच्या बोलीत, "आ-नी, ये, जेवायला ये."

"मी लहान होतो तेव्हाच ती गेली," तो म्हणाला. "या हातांनी पुरली. मग ती कोण?"

ठकू दाराआड खाली बसली.

"हे दगड पितात, ठकू. माझ्या झारीसारखे. इथं किती माणसं गेली, किती माणसं एकमेकांना हाका मारून रडली. दगडानं सगळं पिलं. आता धुकं ओतलं की ते बाहेर येतं. आणि त्याला अजून पाहिजे."

मग धुकं विरलं. थंडी पडली, ऊन पडलं, उन्हाळा आला. खिंड मुकी झाली. आता ठकूची वेगळीच दशा झाली. पावसाळ्यात ती कानांत बोटं घालून बसली होती. आता चैत्राच्या शांत दुपारी ती नकळत डोंगराकडे कान लावायची. काहीच यायचं नाही. त्या काहीच न येण्यानं तिचा जीव घाबरा व्हायचा.

लिंबाबानं त्या दिवसांत एक काम काढलं. पूर्वी केव्हातरी त्यानं खिंडीच्या पायथ्याची माती आणून मुरत घातली होती. ती काळपट, जड माती त्यानं वर काढली आणि थापायला घेतली. झारी झाली घागरीएवढी. एवढी मोठी झारी त्यानं कधी केली नव्हती. भाजून निघाल्यावर तिला कान लावला तर आत समुद्रासारखं घुमायचं. बयाआईनं तिच्यावरून हात फिरवला आणि हात झटकन मागं घेतला.

"भाऊ, ही गार का लागती रं? आत्ता तर आव्यातनं काढली न्हवं?"

लिंबाबानं झारी उचलून पडवीत नेली.

श्रावण आला. एका दुपारी असं धुकं उतरलं की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. ठकू गोठ्यात होती. तिला हाक ऐकू आली आणि तिनं सवयीनं दात घट्ट मिटले. पण लगेच घरातून दुसरा आवाज आला. म्हाताऱ्या गळ्याचा, आनंदानं फुटलेला.

"ओऽऽ! आले रं बाळा, आले!"

ठकू धावत आली तो दार सताड उघडं. बयाआई गेली होती. जिला अंगणातली पायरी दिसत नव्हती, ती डोंगर चढून गेली होती, आणि वाटेवरच्या चिखलात तिच्या पावलांचे ठसे असे पडले होते जसे कुणी तरण्या बाईचे असावेत. लांब लांब, सरळ, कुठंही न अडखळलेले.

ठकू त्या ठशांमागं पळाली. खिंडीच्या तोंडाशी लिंबाबा उभा होता, कमरेवर ती थोरली झारी आणि हातात धाकटी. त्यानं धाकट्या झारीतला घोट ठकूच्या तोंडात ओतला. मग पुढं झाला.

आत शिरल्यावर दिवस दुधाळ झाला. हात समोर धरला तर बोटं दिसेनात. आणि हाका सुरू झाल्या. एक नव्हे, दोन नव्हे, कड्याकड्यांतून, पायाखालून, कानाच्या पाळीशी. बाया, बापे, लेकरं. शंभर वर्षांत हरवलेली माणसं मागं राहिलेल्यांना बोलावत होती. त्यात सटवाचा आवाज अगदी पाठीशी आला. ठकूला मानेवर त्याचा श्वास लागला. ओला, गार श्वास. तिनं गालातला घोट दाबून धरला आणि मागं पाहिलं नाही.

पुढं कड्याच्या अगदी धारेवर बयाआई उभी होती. खाली दरी. ती दोन्ही हात पुढं करून चाचपत होती, जसं कुणाचा चेहरा चाचपावा, आणि हसत होती. ठकूनं झडप घालून तिचा पदर धरला. म्हातारीत कुठून बळ आलं होतं कोण जाणे, ती ठकूलाच ओढू लागली.

तेव्हा लिंबाबानं थोरली झारी एका काळ्या दगडावर ठेवली. झाकण बसवलं. आणि धुक्याकडे तोंड करून त्यानं ओ दिली.

इतकी वर्षं न दिलेली ओ. त्याच्या बोलीत, लहान पोरानं खेळ टाकून द्यावी तशी.

खिंड क्षणभर स्तब्ध झाली. मग सगळ्या हाका त्याच्याकडे वळल्या. वाऱ्यासारख्या आल्या, एकीवर एक पडत आल्या आणि झारीच्या तोटीत शिरल्या. असं म्हणतात, की झारीचा रंग ठकूच्या डोळ्यांदेखत गडद होत गेला. झाकण थडथडलं, झारीच्या अंगाला घाम फुटला. आणि शेवटची हाक आत गेली तशी लिंबाबानं झाकणाच्या भोकावर अंगठा ठेवला.

सगळं थांबलं. खिंडीत पहिल्यांदा नुसतं धुकं होतं.

बयाआई ठकूच्या खांद्यावर कोसळली, पुन्हा तीच आंधळी, थकली म्हातारी.

"आईला घरी ने," लिंबाबा म्हणाला.

ठकूनं त्याच्या अंगठ्याकडे बोट दाखवून खुणेनं विचारलं, आणि तुम्ही?

"अंगठा काढला की धार वाहते. तुला ठाऊक आहे."

ठकू जागची हलेना. तिचे डोळे झारीवर खिळले होते. लिंबाबानं ते पाहिलं. तो म्हणाला, "त्याचा आवाज आत आहे. सोडवायचा आहे? मग नावानं जा म्हण. ज्यानं धरलंय त्यानंच सोडायचं असतं."

नाव! ठकूनं नवऱ्याचं नाव आयुष्यात लग्नातल्या उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य उणावतं, असं तिला सांगितलेलं. तिनं सासूला घट्ट धरलं. लिंबाबानं अंगठा उचलला, केसाएवढा. तोटीतून आवाज आला, एकट्याचा, अगदी हळू.

"ठके, घट फुटलं न्हाईत न्हवं?"

ठकूनं तोंडातला घोट गिळला.

"न्हाई फुटलं," ती म्हणाली. "येक बी न्हाई फुटला. सटवा… जा तुमी आता. सटवा, जा."

तोटीतून थोडी वाफ निघाली, गरम. ती ठकूच्या गालाला लागून वर गेली. लिंबाबानं अंगठा पुन्हा टेकवला.

"आन तुमच्या आईला?" ठकूनं विचारलं. "तिला बी सोडा की, बाबा."

लिंबाबानं मान खाली घातली. "ती जेवायला बोलावते," तो म्हणाला. "तिला जा कसं म्हणू?"

ठकूनं सासूला पाठुंगळी घेतलं आणि ती उतरली. मागं पाहिलं तेव्हा धुक्यात एक वाकलेली पाठ दिसत होती. मग तीही दिसेना.

धुकं हटल्यावर सगळा गाव वर गेला. तिथं लिंबाबा नव्हता. झारी नव्हती. दरीत शोधलं, काही नव्हतं. फक्त त्या काळ्या दगडाच्या माथ्यावर अंगठ्याएवढा खळगा पडला होता, ओल्या मातीत दाबावा तसा, आत अंगठ्याच्या रेषासुद्धा उमटलेल्या. गावच्या पाटलानं बोट घालून पाहिलं आणि दचकून काढलं. दगड गार होता. खळगा ऊन होता.

त्यानंतर त्या खिंडीनं कुणाला हाक मारली नाही.

बयाआई पुढं पुष्कळ जगली. ती म्हणायची, त्या दिवशी मला दिसत होतं. सटवा उभा होता, चांगला दिसला. पण त्याला डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती, झारीच्या झाकणावरच्या भोकासारखी. हे सांगून झालं की ती लिंबाबाच्या झारीतला घोट मागायची. ठकूनं चाक सोडलं नाही, पण वर्षाकाठी एक झारी ती हातानं थापून घडवायची, आणि तिच्या पाठीमागं गेरवाडीच्या बाया घडवत आल्या.

आता खिंडीतून डांबरी रस्ता गेला आहे. रस्ता करणाऱ्यांनी सुरुंग लावून कडे फोडले, पण त्या काळ्या दगडाला वळसा घातला. श्रावणात पहिलं धुकं भरलं की गेरवाडीच्या बाया तिथं नवी झारी नेऊन ठेवतात आणि दगडावर गरम चहाची धार धरतात. त्या दिवशी खिंडीत कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. गावात कुणी बाई विधवा झाली, तर तेराव्यानंतर बाया तिला तिथं घेऊन जातात, आणि ती नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेऊन त्याला जा म्हणते. एखादीला ते जमत नाही. मग तिला कुणी बोल लावत नाही. नुसता गरम घोट पाजून खाली आणतात.

आणि येणाराजाणारा तिथं थांबतो. एसटी थांबते, ट्रक थांबतो. ड्रायव्हर खाली उतरतो, त्या खळग्यात आपला अंगठा ठेवतो आणि म्हणतो, "बाबा, मी धरलंय. जरा हात मोकळा करा. चार घास खाऊन या."

गाडीतली माणसं तोवर गप्प बसतात. कंडक्टर घंटी देत नाही. ड्रायव्हर वाट पाहतो, अंगठ्याखालची ऊब परत आली असं त्याला वाटेपर्यंत, आणि मगच हात उचलतो.